मावसभावाचं सुतक

यंत्राच्या मते जयवंत तोडकरला या जगात कुणीच आवडत नव्हतं. बाईमाणूस नाही, बाप्या नाही, कुणी म्हणजे कुणीच नाही.

कोल्हापूरच्या सरकारी तपासणी केंद्रात, एका बिनखिडकीच्या खोलीत, हनुवटी रबराच्या कपावर टेकवून तो अर्धा तास बसला होता. समोरच्या पडद्यावर चेहरे येत होते, जात होते. पुरुषांचे, बायकांचे, हसरे, गंभीर, सिनेमात शोभतील असे देखणे. सगळे एकाच राखाडी उजेडातले. जयवंत चेहऱ्यांकडे बघत होता आणि यंत्र जयवंतच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांकडे बघत होतं. बोलायचं नाही, मुद्दाम काही आठवायचं नाही, नुसतं बघायचं, असं त्याला बजावलं होतं. ते त्याला मुळीच अवघड गेलं नाही. रणधीर गेल्यापासून तो दुसरं काही करतच नव्हता.

"तोडकर, तुम्ही काही गोळ्या घेता का?" केंद्रातल्या डॉक्टर झरीन मुजावर यांनी विचारलं. "झोपेच्या वगैरे?"

"नाही."

"सकाळी काही खाल्लंय ना?"

"इडली खाल्ली."

डॉक्टरांनी आपल्या पडद्यावरची, बाहुलीच्या हालचालीची रेघ पुन्हा पुढंमागं करून पाहिली. "रेघ हललीच नाही हो. अशी रेघ मी बेशुद्ध पेशंटांची बघितलीय. चालत्याबोलत्या माणसाची पहिल्यांदाच बघते."

"मग निकाल काय?" एसटी किती वाजता आहे असं विचारावं, तसं त्यानं विचारलं.

"सिद्ध नाही."

"म्हणजे मी गे नाही?"

"यंत्राच्या मते तुम्ही काहीच नाही." बोलून गेल्यावर डॉक्टरांनाच कसंतरी झालं. "म्हणजे, तसं नव्हतं म्हणायचं मला."

"बरं," जयवंत म्हणाला आणि खुर्चीखाली ठेवलेलं हेल्मेट उचलून निघाला.

आता सत्तेचाळीस वर्षांच्या, चारचौघांत मान खाली घालून वावरणाऱ्या माणसावर आपण गे आहोत हे सरकारी यंत्राकडून वदवून घ्यायची पाळी का आली, ते सांगायला हवं. त्याला कारण झालं एक सुतक.

जयवंत गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत होता. पंपांची ओतीव कवचं एक्स-रेखाली धरायची, आत कुठं चीर किंवा पोकळी राहिलीय का ते बघायचं, हे त्याचं काम. रणधीर खाडे गुरांचा डॉक्टर. आडवा देह, मोठा आवाज, आणि अंगाला कायम आयोडीनचा वास. दोघं अठरा वर्षं एका घरात राहिले.

राजारामपुरीत ती जागा भाड्यानं घेताना घरमालकिणीनं विचारलं होतं, "तुम्ही एकमेकांचे कोण?" रणधीरला म्हशीशीसुद्धा खोटं बोलता यायचं नाही, पण त्या दिवशी तो फाडकन बोलून गेला, "मावसभाऊ." आणि खरं सांगायचं तर खोटं बोलायला याहून सोयीचं नातं आपल्याकडं नाहीच. चुलतभाऊ म्हटलं तर आडनाव जुळायला हवं. सख्खा म्हटलं तर चेहरा जुळायला हवा. मावसभावाचं काहीच जुळायला लागत नाही. पुढं फाउंड्रीतही तेच सांगितलं गेलं, शेजाऱ्यांनाही तेच, गॅसच्या जोडणीतही तेच. घरात खाटा दोन. एकत्र फोटो एकही नाही. कुणाच्या हाती पुरावा लागू नये म्हणून अठरा वर्षं दोघांनी डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली.

आणि मग रणधीर गेला. हृदय बंद पडलं.

फाउंड्रीत सुतकाची रजा मिळायची. ही तिथले मनुष्यबळ व्यवस्थापक इनामदार साहेब यांची कल्पना. शेजारच्या एकाही कारखान्यात ती नव्हती आणि साहेबांना तिचा अभिमान होता. माणूस तसा वाईट नाही, पण कर्मकांडाचा पक्का. कुठल्या नात्याला किती दिवस हे त्यांनी स्वतः पंचांगं धुंडाळून रजेच्या यंत्रणेत भरलं होतं. नवरा-बायको, आईबाप यांना तेरा. मग उतरत उतरत बाकीचे.

"मावसभाऊ ना?" फोनवर ते कळवळून म्हणाले होते. "शास्त्रानं दीडच दिवस हो. पण तुम्ही एकत्र राहत होता, तुम्ही तीन घ्या. मी करतो मंजूर."

जयवंतनं तेरा घेतले.

घेतले म्हणजे काय, तो उठलाच नाही. सतरंजीवर पडून राहिला. दाढी केली नाही, देवापुढं दिवा लावला नाही. रणधीरच्या गावाहून त्याला कुणी बोलावलं नव्हतं. स्मशानातही रणधीरच्या एका काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "तुम्ही बाहेरचे, तुम्हाला काय सुतक नाही, तुम्ही घरी जाऊन जेवून घ्या." दहाव्याला मात्र तो गावाकडं गेला आणि नदीच्या अलीकडच्या काठावर उभा राहिला. पलीकडं पिंड ठेवले होते. कावळा लवकर शिवला. शिवला ते एक बरं झालं, एवढंच त्याला वाटलं, आणि त्यानंतर काही वाटलंच नाही.

चौदाव्या दिवशी तो कामावर गेला तर फाटक उघडेना. ते फाटक माणसाची चाल ओळखून उघडायचं. त्यानं दोनतीनदा मागं जाऊन पुन्हा चालत येऊन पाहिलं. आतून पहारेकरी ओशाळून म्हणाला, "तोडकर, तुमचं नाव काढलंय वरनं." निर्यातीच्या मोठ्या ऑर्डरचे ऐन दिवस, आणि न सांगता दहा दिवस गैरहजर. नियमानं नोकरी संपली होती.

त्या दिवशी इनामदारांच्या केबिनमध्ये उभं राहून जयवंत जन्मात पहिल्यांदा ते बोलला. "साहेब, रणधीर माझा मावसभाऊ नव्हता."

"मग कोण होता?"

"आम्ही एकत्र होतो. म्हणजे, नवरा-बायको असतात तसे."

इनामदारांचा चेहरा लाल झाला. "तोडकर, नोकरीपायी माणूस काय काय बोलतो ते मी पंचवीस वर्षं ऐकतोय. पण गेलेल्या माणसाबद्दल असलं काही? शोभतं का तुम्हाला?"

हे ऐकून जयवंतला राग यायला हवा होता. राग येण्याच्या जागी नुसती एक रिकामी जागा होती.

*

त्याची वकील वैजयंती सौंदलगेकर. ठेंगणी, तोंडाळ बाई, बोलता बोलता शेंगदाणे खायची सवय. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "मावसभाऊ! अहो, निदान मित्र तरी म्हणायचं. आता स्वतःच्या तोंडचा मावसभाऊ तुम्हाला कोर्टात आडवा येणार बघा."

कायदा जयवंतच्या बाजूचा होता. कामगार समता कायदा होऊन काही वर्षं झाली होती. कुणाशी संसार करता यावरून मालकानं कामगाराला वेगळी वागणूक द्यायची नाही. बायको मेल्यावर एखाद्याला जी रजा, तीच जोडीदार मेल्यावर दुसऱ्याला. स्वच्छ, सरळ कलम. पण कायदा आला की त्याला उंदीर लागतात. बडतर्फ झालेल्या दोघांचौघांनी खोटे दावे केले, मालक मंडळींनी आरडाओरडा केला, आणि मग नियमात एक ओळ आली. दावा करणाऱ्यानं आपण तसे आहोत हे सिद्ध करावं. ते कसं करायचं? तर नेत्रसाक्ष यंत्रानं.

हे यंत्र मुळात फार चांगल्या कामासाठी बनलं होतं. डोळ्यातली बाहुली उजेडात आकसते आणि अंधारात पसरते, हे आपण शाळेत शिकतो. पण उजेड बदलला नाही तरी ती हलते. मन एखाद्या गोष्टीकडं ओढलं गेलं की मेंदूच्या तळाशी एक बारीकसं केंद्र जागं होतं आणि बाहुली केसाएवढी मोठी होते. ते कुणाला ठरवून करता येत नाही आणि थांबवताही येत नाही. अपघातानंतर निपचित पडलेल्या, हातपाय न हलवता येणाऱ्या रुग्णाला आपली माणसं कळतायत का, हे ओळखायला डॉक्टरांनी अवरक्त कॅमेऱ्यानं ती हालचाल टिपायला सुरुवात केली. कितीतरी घरांना त्यातून आशा मिळाली. पुढं हजारो धडधाकट माणसांवर यंत्राला शिकवलं. कोणती रेघ ओढीची, कोणती मायेची, कोणती अनोळखी. शिकलेलं यंत्र मग कुणीतरी न्यायाधिकरणात आणून ठेवलं.

आता यात एक गोष्ट धरून चाललेली होती. समोरच्या माणसाचं मन हलतंय. ज्याचं मनच हलेनासं झालंय तो माणूस या यंत्रापुढं बसला तर काय, याचा विचार कुणी केला नव्हता.

"अजून एक वाट आहे," पहिला निकाल हातात आल्यावर वैजयंतीबाई म्हणाल्या. "मुजावर मॅडमशी बोलले मी. अनोळखी चेहऱ्यांना तुमचा डोळा हलत नसेल, तर ओळखीचा आवाज लावून बघायचा. रणधीररावांचा. जोडीदाराची रेघ आली की काम झालं. आवाज आहे का तुमच्याकडं?"

"फोनवर एक निरोप आहे."

"पण गेलेल्या माणसाचा आवाज वापरायचा तर वारसाची सही लागते. म्हणजे त्याच्या आईची. जाल?"

"जातो," जयवंत म्हणाला. जायला त्याला काहीच वाटत नव्हतं, हीच तर रड होती.

*

रणधीरचं गाव कागल तालुक्यात. घरात आई आणि थोरली बहीण आक्का. आक्कानं त्याला पाणी दिलं आणि पदर खोचून समोर उभी राहिली.

"मावसभाऊ म्हणून सांगत हुतास म्हणं शहरात. आमच्या आईला भैनच न्हाई, आणि तू मावसभाऊ कुठनं उगावलास?"

जयवंतनं तांब्या खाली ठेवला.

"माझ्या पोरीचं लगीन ठरलंय. पेपरात नाव आलं, तर ती मानसं काय म्हणतील? आमाला न्हाई जमायचं बाबा. चहा पी आणि जा."

"आक्के, तू आत जा." आई भिंतीला टेकून बसली होती. "बाळा, हिकडं ये. दहाव्याला नदीच्या पल्याड तूच हुतास न्हवं?"

"व्हय, आई."

"दाढी वाढलेली. मी बघितलं. आमच्या भावकीतल्या पोरांनी चौथ्या दिवशी दाढ्या केल्या. म्हणलं, ह्यो कोण सुतक पाळतोय माझ्या लेकाचं? मला काय कळत न्हाई असं न्हाई. लगीन कर म्हणून त्याच्या मागं लागायची ते मी दहा वर्सांमागंच सोडलं हुतं. पर त्यानं सांगितलं न्हाई, आणि मी इचारलं न्हाई. सही करते. कोर्टात मातूर आमाला बोलवू नगंस."

"नाही बोलवणार."

"त्यात काय बोलतोय त्यो?"

जयवंतनं फोन काढला आणि निरोप लावला. रणधीरचा मोठा आवाज त्या खोलीत भरला. "जया, येताना कोथिंबीर आण. जुडी सोडून बघून घे, मागल्या वेळी आतनं पिवळी निघाली. आणि मला उशीर होईल, म्हैस अडलीय. तू जेवून घे, माझी वाट बघत बसू नको. बसशीलच तू म्हणा."

आई हसली. "बापावर गेलाय. जुडी सोडून बघ म्हणं." हसता हसता तिचे डोळे भरून आले, मग ती पदर तोंडात धरून रडली. दाराआड आक्काही रडत होती. जयवंत भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत बसला. आपल्याला रडू येत नाही याची त्याला लाज वाटली. पण तीही थोडीच.

*

दुसऱ्या तपासणीत रेघ हलली.

डॉक्टर मुजावर खुर्चीत पुढं सरकल्या. कोथिंबीर म्हटल्यावर रेघ वर चढायला लागली. घाईनं नाही, सावकाश, आणि चढली ती उतरलीच नाही. निरोप संपला तरी ती तशीच वर राहिली. जयवंतला स्वतःला काही जाणवलं नव्हतं. आपला डोळा आपल्याला न विचारता कुणाकडं तरी बघत होता, एवढंच त्याला नंतर कळलं.

यंत्रानं निकाल दिला. "आप्त. रक्ताचे नाते. शक्यता एक्क्याण्णव टक्के."

"म्हणजे?" वैजयंतीबाईंचा शेंगदाणा हातातच राहिला.

"म्हणजे भाऊ," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता. "जोडीदाराची रेघ अशी नसते. ती एकदम उसळते आणि खाली येते. ही आई, भाऊ, बहीण यांच्या आवाजाला येते ती रेघ आहे."

बाहेर बाकावर येऊन वैजयंतीबाईंनी शेंगदाण्यांची पुडी मिटून ठेवली. फाउंड्रीच्या वकिलाला आयतं कोलीत मिळालं होतं. घरमालकिणीला सांगितलेलं ते खोटं आता यंत्रानं छातीठोकपणे खरं ठरवलं होतं.

"आम्ही सांगितलं तेच म्हणतंय ते," जयवंत म्हणाला. "त्याचं काय चुकलं?"

"गप्प बसा हो तुम्ही!" बाई खेकसल्या. मग एकदम उठल्या आणि पुन्हा आत गेल्या. काचेतून जयवंतला दिसत होतं, त्या डॉक्टरांना काहीतरी विचारत होत्या. डॉक्टर आधी मान हलवत होत्या, मग हलवायच्या थांबल्या.

बाहेर आल्या त्या डोळे बारीक करून. "हे यंत्र जोडीदाराची रेघ कुणावर शिकलंय, ठाऊक आहे? पैसे घेऊन प्रयोगाला बसलेल्या कॉलेजच्या पोरापोरींवर आणि हनिमूनहून आलेल्या जोडप्यांवर. अठरा वर्षांचा संसार त्यानं कधी बघितलेलाच नाही. आता मला एक सांगा, तुमच्या त्या इनामदारांच्या लग्नाला किती वर्षं झाली?"

"सत्तावीस. पंचविसाव्याला आम्हाला जिलेबी वाटली होती."

"फाउंड्रीच्या उत्तरावर सही त्यांची आहे. यंत्रावर विश्वास त्यांचा आहे. तर तुलनेसाठी त्यांनाच बसवू. बायकोचा आवाज लावू. चालेल तुम्हाला?"

"चालेल," जयवंत म्हणाला. त्याला त्या दिवसांत सगळंच चालत होतं.

*

न्यायाधिकरणाच्या खोलीत यंत्र आणून ठेवलं होतं. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश, सर्दीनं हैराण. डॉक्टर मुजावर यांनी यंत्राच्या शिक्षणाबद्दल जे खरं ते सांगितलं. फाउंड्रीच्या वकिलानं ते हसण्यावारी नेलं. यंत्र शास्त्रशुद्ध आहे, व्यवस्थापनाला काही लपवायचं नाही, इनामदार साहेब बसायला तयार आहेत, असं तो ठणकावून म्हणाला. इनामदारही होय म्हणून बसले होते. त्यांनी गंध लावलं होतं आणि इस्त्रीचा सदरा घातला होता.

आवाज द्यायला म्हणून त्यांची बायको आली होती. सुलभाबाई. मागच्या रांगेत मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या. जयवंतनं त्यांना जिलेबीच्या दिवशी लांबून पाहिलं होतं. आता त्यांची बोटं पर्सची चेन उघडत होती, लावत होती, उघडत होती. समोर नवरा यंत्राकडं चालला होता, आणि त्याच्या डोळ्यात आपण किती उरलो आहोत ते भरल्या खोलीत, मोठ्या पडद्यावर, टक्क्यांत दिसणार होतं.

जयवंतनं वकीलबाईंची बाही ओढली. "मॅडम, नको."

"काय नको?"

"त्यांना नका बसवू. त्या बाईंचा काय दोष?" तो हळू बोलायला गेला, पण खोली लहान होती. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"अहो, तुमची नोकरी चाललीय!"

"जाऊ दे. आमचं चव्हाट्यावर काढलं तेवढं पुरे. अजून कुणाचं घर कशाला?"

इनामदार यंत्रापाशी पोचले होते. हनुवटीच्या कपावर त्यांनी नजर टाकली. मग वळून बायकोकडं बघितलं, आणि बायकोनं खाली बघितलं. ते बसले नाहीत.

"बसताय ना?" अध्यक्षांनी रुमालाआडून विचारलं.

"साहेब," इनामदार म्हणाले. "माझ्या घरात काय आहे ते माझं मला ठाऊक. ते यंत्र लावून चारचौघांत मोजायचं काही कारण नाही. माझी बायको आहे ती. मी सांगतोय ना, बायको आहे म्हणून! तेवढं पुरे नाही का?"

वैजयंतीबाई सावकाश उभ्या राहिल्या. त्यांनी दोन पानी भाषण लिहून आणलं होतं. ते त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकलं. "अध्यक्ष महाराज, माझ्या अशिलाचंही एवढंच म्हणणं आहे. हे लिहून घ्या, म्हणजे झालं."

अध्यक्षांनी लिहून घेतलं.

निकाल महिन्याभरानं लागला. तोडकरांना कामावर परत घ्यावं. त्यांची गैरहजेरी ही जोडीदाराच्या मृत्यूची रजा धरावी. आणि यापुढं कोण आपलं कोण, हे माणसानं सांगितलं की तेवढं पुरे मानावं, यंत्राची साक्ष मागू नये. वैजयंतीबाईंनी आख्ख्या कचेरीला कंदी पेढे वाटले. जयवंतनं एक पेढा खाल्ला. गोड होता.

सोमवारी फाटक उघडलं. लोकांनी त्याच्याकडं बघितलं, मग न बघितल्यासारखं केलं. एकानं उगाचच हात मिळवला आणि बराच वेळ धरून ठेवला. दोघं जण जेवणाच्या टेबलावरून उठून दुसरीकडं बसले. तो आपला एक्स-रे खोलीत जाऊन लोखंडातल्या चिरा बघत राहिला. नोकरी परत मिळाली की काहीतरी वाटेल, असा त्याचा अंदाज होता. आठवडाभर त्यानं वाट पाहिली. काही वाटलं नाही.

रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली.

दारात सुलभाबाई उभ्या होत्या, हातात स्टीलचा डबा. त्यांच्या मागं एक पायरी खाली इनामदार साहेब, हेल्मेट काखेत धरून.

"समाचाराला आलोय आम्ही," सुलभाबाई म्हणाल्या.

समाचाराला आलेल्या माणसाला 'या' म्हणायचं नसतं, एवढं जयवंतला माहीत होतं. तो नुसता बाजूला झाला. रणधीर गेल्यानंतरच्या इतक्या महिन्यांत या घरी समाचाराला कुणी आलं नव्हतं. एका खोलीत राहणारा दोस्त मेला म्हणून कुणी कुणाच्या समाचाराला जात नाही. मावसभावासाठीही जायचं ते त्याच्या आईबापाकडं.

सुलभाबाईंनी सोफ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या खाली सतरंजीवर बसल्या. इनामदार क्षणभर घुटमळले, मग तेही पायमोजे सावरत त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. जयवंत भिंतीला टेकून बसला, घरचा माणूस बसतो तसा.

"उशीर झाला आम्हाला," सुलभाबाई म्हणाल्या. "पिठलं-भात आणलाय. दुपारी चूल पेटवू नका."

"बरं."

इनामदार जमिनीकडं बघत होते. दोनदा त्यांनी खाकरून घसा साफ केला. असल्या वेळी काय बोलायचं ते त्यांना पाठ होतं. आयुष्यात शंभर घरी जाऊन त्यांनी ते विचारलं असेल. पण आज ते तोंडातून निघायला वेळ लागला.

"कसं झालं हो?" त्यांनी विचारलं.

जयवंत त्यांच्याकडं बघत राहिला. वकिलांनी त्याला नातं विचारलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या विचारल्या होत्या. न्यायाधिकरणानं पुरावा विचारला होता. हे कुणीच विचारलं नव्हतं.

"सकाळी चांगला होता हो," तो म्हणाला. सगळे असंच सुरू करतात. "चांगला उठला. चहा घेतला. चहा पाणचट झालाय म्हणून माझ्याशी भांडला, आणि..."

त्याला पुढचं बोलता येईना. त्यानं तोंडावर हात धरला, पण आता ते हातानं थांबणार नव्हतं. तो रडायला लागला, मोठ्यानं, वरच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला इतक्या मोठ्यानं. इनामदारांनी चष्मा काढून हातात धरला आणि मान खाली घातली.

सुलभाबाई पुढं सरकून त्याच्याजवळ बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "भांडला. मग?"